आधी पाणी, मग खडी

सेकोंडी बंदरातल्या मासळीबाजाराचा जुना ओटा पाडायला काढला, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारी एकच व्यक्ती निघाली, आणि घण घेऊन तो फोडत होती तीच. आराबा मेन्सिमा, वय सदुसष्ट. चाळीस वर्षांपूर्वी हाच ओटा ओतताना डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहणाऱ्या बायकांत ती होती. पुढे तिने पाडलेल्या भिंती आणि पूल फोडून खडी करायचा धंदा धरला. तिची खडी लोक खड्ड्यात टाकत, पायवाटेवर टाकत. काँक्रीटमध्ये कोणी घालत नसे.

“मेलेल्याला पुन्हा कामाला लावू नये, आंटी,” गवंडी म्हणत.

“मेला तो चाळीस वर्षं ओझं उचलून. तुमच्यातला जिवंत कोण उचलतो तेवढं?”

आता नवा ओटा होणार होता. जुन्याची खडी नव्यात जावी, एवढंच आराबाचं मागणं. नाहीतर ट्रक येऊन तो सगळा ढीग खाजणात ओतणार होते.

इंजिनियर क्वोफी तरुण होता, घाईतला होता, पण वाईट नव्हता. त्याने एक संधी दिली: तीन भागांत एक भाग आराबाची खडी, दोन भाग खाणीतली. त्या मिश्रणाचे ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडायचे. फुटतानाच्या दाबाचा आकडा पंचविसाच्या वर गेला तर खडी ओट्यात, खाली आला तर खाजणात. ठोकळे फोडायचं काम माझं. सरकारी प्रयोगशाळेत मला त्याचाच पगार मिळतो.

खडी न्यायला क्वोफी तिच्या अंगणात आला, तेव्हा तिने भोपळ्याच्या तुंब्यात पाणी पुढे केलं.

“घाईत आहे, आंटी. खडी किती तयार आहे?”

आराबाने तुंबा भिंतीवर ठेवला. आमच्याकडे पाहुण्याच्या पोटात पाणी गेल्याशिवाय त्याला काम विचारत नाहीत. आणि विचारण्याआधी पाहुण्याने स्वतःहून सांगितलेलं काम कोणाला ऐकू येत नाही.

“खडी आहे,” ती म्हणाली. “पण तू कोण, ते मला अजून कळलेलं नाही.”

“काल आलो होतो ना.”

“काल पण पाणी घेतलं नाहीस.”

खडी कोरडीच काँक्रीट कालवायच्या यंत्रात गेली. दहा मिनिटांत माल असा घट्ट झाला की फावडं उभं राहिलं. मजुरांची मनं कोवळी. साहेबाची पाठ वळताच त्यांनी दोन डबे पाणी जास्तीचं ओतलं, आणि जास्त पाण्याने काँक्रीट कच्चं राहतं. अठ्ठावीस दिवसांनी ठोकळे फुटले ते चौदावर. एवढ्यावर फुटायला माझ्या यंत्राची गरज नव्हती.

क्वोफीने तिला समजावलं. तुकड्यांना जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, त्याला बारीक भोकं असतात, आणि नव्या सिमेंटसाठी घातलेलं पाणी ते पिऊन टाकतं.

“म्हणजे तहानलेली होती,” आराबा म्हणाली.

“त्याला शोषण म्हणतात, आंटी.”

“तहानलेला पाहुणा दारात आला, आणि तू त्याला थेट कामाला जुंपलंस. तुझ्या आईला माहीत आहे का हे?”

क्वोफीने ढिगातला एक तुकडा उचलून पाहिला. मग त्याने ट्रक महिनाभर पुढे ढकलले.

आराबाने रात्रभर खडी एका म्हाताऱ्या होडीत भिजत घातली. सकाळी क्वोफी निथळती टोपली उचलायला गेला, तशी तिने त्याच्या हातावर चापटी मारली.

“तोंडात घोट असलेल्याला प्रश्न विचारतोस? गिळू दे की.”

माशांना धुरी द्यायच्या जाळ्यांवर तिने खडी पसरली आणि वरची चकाकी जाईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. खडीला हेरिंग माशाचा वास लागला. तो मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. मग टोपलीवर हात ठेवून, दारात आलेल्याला म्हणतात तसं ती म्हणाली, “इकडे सगळं निवांत आहे. वाट चालून तुम्ही आलात, तुम्ही बोला.” मजूर खूप हसले. पण माल तासभर लोण्यासारखा राहिला, आणि पाण्याच्या डब्यांना कोणी हात लावला नाही. क्वोफीने वहीत बरंच काही लिहून घेतलं.

अठ्ठाविसावा दिवस मंगळवार. मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे अर्धा किनारा माझ्या प्रयोगशाळेत उभा होता. आराबा पुढे, नव्या लुगड्यात. काटा चढू लागला तशी एकीने मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी खाणं थांबवलं.

पहिला ठोकळा सव्वीस. दुसरा अठ्ठावीस. तिसरा सत्तावीस.

“निव्वळ खाणीतल्या खडीचे एकतीस आलेत, आंटी,” क्वोफी म्हणाला. प्रामाणिक मुलगा.

“ती नवी आहे. चाळीस वर्षं तिच्यावर मासे आपटू दे, मग बोलू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात आला. आराबाने तुंबा पुढे केला. क्वोफी दगडावर बसला, तळ दिसेपर्यंत प्यायला आणि तोंड पुसून गप्प राहिला.

“इकडे सगळं निवांत आहे,” ती म्हणाली. “वाट चालून तू आलास, तू बोल.”

“ओट्यासाठी खडी न्यायला आलोय, आंटी. सगळीच.”

“हां,” आराबा होडीकडे वळत म्हणाली, “म्हणजे तू तो इंजिनियर. उद्या ये. ती अजून पाणी पितेय.”