दबा धरलेला बाण

आमच्याकडे रविवारी दुपारी लढाई असते. जाम या आमच्या गावी माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथं टेबल लावायचं आणि फासे काढायचे. गोष्ट मी सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे फासा ठरवतो. खेळणारे तिघं: माझा साळा, त्याचा एक दोस्त आणि माझी बायको. बायको एसटीत कंडक्टर आहे, समुद्रपूरच्या गाडीवर. खेळात ती तिरंदाज.

या खेळात पाळी आली की लगेच वार केलाच पाहिजे असं नाही. ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधी मोठ्यानं सांगून थांबता येतं. आम्ही त्याला दबा धरणं म्हणतो. अमुक घडलंच नाही तर पाळी फुकट जाते, म्हणून साळ्याला दबा म्हणजे निव्वळ आळस वाटतो. तो आधी तलवार चालवतो, मग विचार करतो. कधी कधी तोही करत नाही.

त्या रविवारी डाकूंचा सरदार गढीत कोंडला गेला होता. त्यानं पळवलेली पाटलाची पोर ही मंडळी कितीतरी रविवार शोधत होती. बायकोनं दबा धरला: गढीच्या दारातून कोणी बाहेर आलं की बाण. मी दार उघडलं आणि सांगितलं, काळी घोंगडी पांघरून कोणीतरी बाहेर येतंय. घोंगडी सरदाराची, हे सगळ्यांना माहीत होतं. घोंगडीत मात्र सरदारानं पुढे ढकललेली ती पोर होती, आणि ते फक्त मला माहीत होतं. बाण सुटला असता तर ती मेलीच असती. मला चेहऱ्यावर काही दाखवायची सोय नव्हती.

साळा खुर्चीतून उठलाच. "ताई, सोड न बाण. काऊन थांबून राह्यली?"

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "पाय कसे आहेत त्याचे?"

अनवाणी, मी म्हणालो. सरदार जाड चामडी जोडे घालतो हे मीच मागे कधीतरी सांगून बसलो होतो.

"मंग नाई सोडत." साळा चिडला, हातची पाळी घालवली म्हणाला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मागून कोनी चला चला म्हनलं म्हनून मी घंटी देत नाई. आधी पायरीवर कोनाचा पाय हाय ते पाहा लागते."

घोंगडी गळून पडली, पोर रडत पुढे पळाली. बाण वाया गेला असेल या भरवशावर सरदार तिच्यामागून निघाला. पण न सोडलेला दबा पुढच्या पाळीपर्यंत टिकतो, हे बायकोला पाठ होतं. "आता," एवढंच ती म्हणाली आणि फासा टाकला.

खेळ चालवणाऱ्याचा आपल्या खलनायकावर जीव जडतो. या सरदाराला मी महिनोन् महिने पोसलं होतं, निसटायला चोरवाटही ठेवली होती. तो दारातच पडला, आणि मला त्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. माझ्या बायकोनं मारला होता तो.