शरयूताईंचं 'येते'

आमच्या शरयूताई तीस वर्षं दक्षिण लंडनमध्ये कौन्सिलर आहेत. त्यांची पत्रकं वाटणारी आम्ही मंडळी दर निवडणुकीनंतर चहाला जमतो. एकाने किस्सा सुरू केला की दुसऱ्याला तिसरा आठवतो, आणि गाडी फिरून फिरून एकाच शब्दावर येते.

पहिल्या निवडणुकीत ताई मार्गारेट नावाच्या आजींकडे मत मागायला गेल्या. निघताना मनातलं 'येते हं' तोंडातून इंग्रजीत बाहेर पडलं, "आय अ‍ॅम कमिंग." आजी केटल लावून, दार उघडं टाकून वाट बघत बसल्या. शेवटी सपाता घालून रस्त्यावर आल्या. "येते म्हणालात ना? चहा गार झाला." ताई निमूट परत गेल्या, तुंबलेल्या गटाराची सगळी कहाणी ऐकली आणि ते साफ करवूनच थांबल्या. मत पक्कं!

ताईंचे यजमान माधवराव म्हणाले, "अगं, सरळ 'आय अ‍ॅम गोइंग' म्हणावं."

"निवडणुकीच्या तोंडावर 'जाते' म्हणू? तुम्हाला सीट नकोय का?"

पुढे आमची लायब्ररी बंद करायचं घाटत होतं. ताई तिथल्या साहेबाशी कडकडून भांडल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "आय अ‍ॅम कमिंग." त्या बिचाऱ्याला ती धमकी वाटली. लायब्ररी अजून उघडी आहे.

मग ताईंनी भाषांतराचा नादच सोडला. दारोदार सरळ 'येते' म्हणायच्या, आणि म्हटलं की परत जायच्याच. मार्गारेट आजींनीही तो शब्द उचलला.

यंदा मात्र पक्षाने ताईंचं तिकीट कापून ऑलिव्हर नावाच्या सहा फुटी, दाढीवाल्या तरुणाला दिलं. त्याच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, 'शरयू, आता जायची वेळ झाली.' मला तर रडूच आलं.

"जा म्हणतोय मेला," ताई म्हणाल्या. "आपल्यात असं म्हणतात का?" आणि अपक्ष उभ्या राहिल्या.

ऑलिव्हर घरोघर फिरला. प्रत्येक दारात त्याला एकच उत्तर मिळालं, "शरयू 'येते' म्हणून गेलीय. ती येणार."

मतमोजणीच्या हॉलमध्ये ताईंचं नाव पुकारलं आणि आम्ही चक्क नाचलो. दणदणीत विजय! ऑलिव्हर पडलेल्या चेहऱ्याने हात मिळवायला आला. दारापर्यंत गेला, थबकला, मागे वळला आणि आपल्या भरदार आवाजात म्हणाला, "येते."

ताई म्हणाल्या, "ये गं."