एक नाराज, आठ खूश

माझ्या हाताखालच्या एका माणसाचं नाक माझ्यामुळे गेलं. वास येणं कायमचं बंद झालं.

गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात वीज-पॅनेलचे पत्र्याचे डबे तयार होतात. ते रंगवायची खोली कोणालाच नको असायची. थिनरने डोकं धरायचं, मास्क असून नसल्यासारखा. म्हणून नऊ जणांत आठवड्याची पाळी होती आणि पाळीवरून रोज भांडणं. इन्चार्ज मी. एका सकाळी सगळ्यांसमोर मी जाहीर केलं, यापुढे खोलीत एकच माणूस, कायम. एक नाराज, आठ खूश, शिवाय रंग एकसारखा. न्याय्यच वाटलं मला ते.

तो एक म्हणून मी ग्वाल्हेरचा मराठी माणूस निवडला. बाकी सगळे हिंदी बोलणारे. साहेब आपल्या माणसाला सांभाळतात, असं कोणी म्हणायला नको होतं. आणि तो दरवर्षी बायकोला घेऊन आमच्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये गणपतीला यायचा. मला नाही म्हणणं त्याला जमणार नाही, हे मी ओळखून होतो.

"किती दिवस, साहेब?" त्याने एवढंच विचारलं.

"बघू," मी म्हणालो. त्या 'बघू'ला दीड वर्ष झालं.

त्यानंतरच्या गणपतीत आरतीचं ताट त्याच्यापुढे आलं. घर कापराच्या वासाने भरलं होतं. त्याने ज्योतीवर हात फिरवला, तोंडाजवळ नेला. "आज कापूर नाही का लावला?"

"सर्दी असेल तुला."

"दिवाळीपासूनची?" त्याची बायको म्हणाली. "डाळ करपली तरी कळत नाही त्यांना. डॉक्टरांनी सांगितलंय, वास आता परत येणं कठीण. तुम्हाला सांगायची लाज वाटते त्यांना. तुम्हाला नाही वाटत?"

हातातला मोदक तिने टेबलावर ठेवला आणि दोघं निघून गेले. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाळी पुन्हा सुरू करायला निघालो. आठांतला एक जुना वेल्डर हसला. "साहब, इसकी नाक तो गई। अब हमारी क्यों लेते हो?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्यांची किळस आली. पण तर्क माझाच होता, मीच शिकवलेला.

रंगाच्या खोलीच्या दारातून तो म्हणाला, "बोला ना, साहेब. बरोबरच म्हणतोय तो. सडू द्या मला एकट्याला."

मी फळ्यावर पाळी लिहिली. त्याचं नाव वगळलं, पहिल्या आठवड्यापुढे माझं घातलं. वेल्डरने शिवी पुटपुटली.

ग्वाल्हेरवाल्याला बाजूला घेऊन मराठीत हळूच बोलणं सोपं होतं. पण निर्णय मी सगळ्यांदेखत हिंदीत सांगितला होता, म्हणून हेही तसंच, हिंदीतच सांगितलं: "या आठ जणांचा त्रास मी तुझ्या एकट्यावर टाकला. तू नाही म्हणणार नाहीस, म्हणूनच तुला निवडलं. चूक माझी आहे. मला माफ कर."