अण्णारावांची दोन बोटं

जळकोटच्या बसथांब्यासमोर अण्णाराव शिंप्यांचं दुकान होतं. माप घेताना टेपखाली दोन बोटं सरकवायची, ही त्यांची वहिवाट. जेवल्यावरही सदरा अंगाला आवळू नये, हा त्यामागचा हिशेब. माझ्या लग्नातला त्यांनी शिवलेला सदरा अजून शाबूत आहे. मीच त्यात मावत नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पोलीस शिपायांची भरती निघाली होती. आमच्या गल्लीतल्या श्रीमंतची वयोमर्यादा त्या वर्षी संपत होती. छाती एकोणऐंशी सेंटिमीटर हवी आणि फुगवून पाच वाढायला हवी. पावसानं दगा दिलेला. भरती हुकली तर ऊसतोडीला जाणं ठरलेलं. तो रोज जोर काढी, दर रविवारी अण्णाराव माप घेत आणि मी, नवा नवा बी.कॉम., ते वहीत लिही. तिसऱ्या महिन्यात ऐंशी भरली.

"काका, आता?"

"आता बस कर. सरकारला कापड पुरायचं न्हाई."

तेवढ्यात काजं करत बसलेल्या धुरपताबाईंनी नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं. "अवो, त्येला सदरा शिवायचाय का? बोटं काढा की भायेर."

बोटं निघाली. सत्याहत्तर.

श्रीमंत पायरीवर बसला. "म्हंजी तीन महिने मी तुमची बोटंच फुगवून राहिलो व्हय?"

चूक माझीही होती. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत नेटकं लिहिलं होतं, पण काय लिहितोय ते पाहिलं नव्हतं.

भरतीला सहा आठवडे उरले होते. मग शिस्त लागली. पहाटे, उपाशीपोटी, उघड्या अंगावर माप. हात खाली सोडलेले, श्वास सहज सोडल्यावर. टेप पुढून-मागून एका रेषेत, कातडीला टेकलेला पण रुतलेला नाही. तीनदा मोजायचं आणि मधला आकडा धरायचा. अण्णारावांची सवय जाईना, म्हणून धुरपताबाईंनी त्यांची दोन्ही बोटं चिंधीनं बांधून टाकली. जोर-बैठकांच्या जोडीला श्रीमंतनं खोल गेलेल्या आडातून अख्ख्या गल्लीचं पाणी शेंदलं. त्याच्या छातीची काळजी अचानक सगळ्यांनाच वाटू लागली.

लातूरच्या मैदानावर अण्णाराव आणि मी दोरीबाहेर उभे होतो. श्रीमंतनं घाबरून खांदे उचलले, तसा मागचा टेप खाली सरकला. माप घेणारे जमादार म्हणाले, "ऐंशी."

"थांबा साहेब!" अण्णाराव ओरडले. "मागं टेप तिरपा झालाय. तिरपा टेप जास्त दावतो!"

मी त्यांचा सदरा मागून ओढला. उशीर झाला होता.

"तुम्ही कोण?"

"शिंपी."

जमादारांनी टेप सरळ केला, खाली वाकून आकडा पाहिला. श्रीमंतच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"एकोणऐंशी. फुगव."

चौऱ्याऐंशी भरली. "चल, पुढं हो."

परतीच्या बसमध्ये शिरूर ताजबंदच्या थांब्यावर श्रीमंत अण्णारावांकडे वळला. मग म्हणाला, "काका, अठ्ठ्याहत्तर निघाली असती तर?"

अण्णारावांनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं.

"खरं सांगू का लेकरा? तवा मला तू दिसलाच न्हाईस. टेपच दिसला."