तात्यांचा उलटा हात

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सगळ्यात खाली एक खण आहे. उडालेले बल्ब, जीव गेलेली चुंबकं, तुटक्या वायरी, सगळं त्यात. टाकायचं काहीच नाही, कधीतरी लागेल! एकाच शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं की किश्शांचाही असाच खण भरतो. बाकीच्या मास्तरांच्या किश्शांत येडं कुणीतरी दुसरं असतं. माझ्या किश्शांत बहुतेक वेळा मीच असतो. सांगताना आधी हसू येतं आणि मग लाज वाटते. हल्ली लाजच जास्त.

हे सगळे किस्से आमच्या तात्यांचे. तात्या म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. पलटणीत गाड्या दुरुस्त करायचे, हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि आष्ट्याजवळच्या आमच्या शाळेत लागले. तीन आठवड्यांपूर्वी इथूनही निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीच्या फायलीत एक मेमो आहे. त्यावर खरं तर माझं नाव पाहिजे होतं. हे मला चारचौघांत सांगायचं होतं, ते निवृत्त व्हायच्या आत.

पण सुरुवातीपासून सांगतो.

*

तात्या नवीन होते तेव्हाची गोष्ट. शाळेच्या विहिरीवरची मोटर पाणी ओढेना. नुसती घूं घूं करायची आणि पाइपातून करंगळीएवढी धार. मी वर्गच विहिरीवर नेला. म्हटलं, प्रत्यक्ष धडा होईल! विद्युत ऊर्जा आत, यांत्रिक ऊर्जा बाहेर, विहीर इतकी खोल, पाणी इतकं. वहीत गणित मांडलं आणि जाहीर केलं, "वाइंडिंग गेलंय. मोटर आष्ट्याला पाठवा."

चार गड्यांनी मोटर उपसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. तेवढ्यात तात्या आले. भिंतीवरच्या स्टार्टरच्या डब्याला त्यांनी हाताची उलटी बाजू लावली.

"हितं गेली," म्हणाले.

"काय गेली?"

"तुमची ऊर्जा, सर. डबा बघा की, अजून कसला तापलाय! आत वायर ढिल्ली हाय."

मेन स्विच पाडून स्क्रू आवळला. चार गड्यांनी मोटर परत खाली उतरवली आणि धार मनगटाएवढी झाली. उलटा हात का, असं मी विचारलं. तर म्हणाले, "आवं सर, करंट आसला तर सुलटा हात मूठ आवळतोय, मग सुटत न्हाई. उलटा आपसूक लांब फेकला जातोय."

पोरं माझ्या वहीकडं बघत होती. मी वही मिटली.

*

तेव्हापासून पोरांना नादच लागला. कुठं काही बिघडलं की उलटा हात लावायचा आणि ओरडायचं, "हितं गेली!" पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, अगदी तापानं फणफणलेल्या वर्गमित्राचं कपाळसुद्धा!

कार्यक्षमता हा शब्द फळ्यावर लिहिला की पोरांचे डोळे जड व्हायचे. तात्या एकदा मागून बाकं पुसता पुसता बोलले, "घातलं किती, मिळालं किती. एवढंच हाय की त्यात!" झालं. पोरांना ते जन्माचं पाठ झालं.

पुढच्याच महिन्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "कार्यक्षमता म्हणजे काय?"

अख्खा वर्ग एका सुरात, "घातलं किती, मिळालं किती!"

"आणि उरलेलं?"

"ते कुठं गेलं, उलटा हात लावून बघायचं!"

साहेब एवढे खूश झाले की खुर्चीतून उठलेच. "वा! ही पद्धत कुणाची?"

मी म्हणालो, "माझीच, सर."

तात्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी साहेबांना कप दिला, मला कप दिला. माझ्यात साखर जरा जास्तच होती, मला आवडते तशी.

*

पाचगणीची सहल. घाट उतरताना मला शिकवायची उबळ आली. उभा राहिलो, वरचा दांडा धरला आणि म्हटलं, "मुलांनो, आता आपल्याकडं उंचीमुळं साठलेली स्थितिज ऊर्जा आहे. म्हणजे इंजिन बंद केलं तरी गाडी खाली पोचेल. डिझेल वाचेल!"

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, आन् ब्रेक कोण लावणार? इंजिन बंद केल्यावर ब्रेकला हवा तुमी फुकणार व्हय?"

गाडीत असा हशा पिकला की मी वाईपर्यंत उभाच राहिलो नाही. खाली उतरलो तर चाकांपाशी करपल्याचा वास. तात्यांनी चाकाजवळ उलटा हात धरला आणि पोरांना बोलावलं. "सरांचं काय चुकीचं न्हाई रं. वर साठली हुती ती सगळी हितं आली. या, लांबनंच बघा."

माझी बाजू सावरायची त्यांची ही सवय. तेव्हा मला ती साधी वाटली.

*

सुप्रियाचं उत्तर मी कधी विसरणार नाही. तिचे आई-वडील आटपाडीकडचे, घरची मेंढरं. ती शाळेसाठी इकडं मावशीकडं राहायची. सहामाहीला मी प्रश्न टाकला होता, "चुलीतील ऊर्जा कोठे कोठे जाते?" मला उत्तर हवं होतं, उष्णता ऊर्जा आणि प्रकाश ऊर्जा. हिनं लिहिलं, "थोडी भाकरीला जाते. थोडी शेजारी झोपलेल्या मांजराला जाते. काही धूर होऊन जाते. राहिलेली आईच्या तोंडाला लागते."

मी लाल पेनानं शून्य दिलं आणि वर वर्गात वाचूनही दाखवलं. पोरं हसली. सुप्रिया बाकाकडं बघत राहिली.

सुट्टीत तात्या म्हणाले, "सर, चुलीम्होरं कवा बसलायसा का?"

"लहानपणी."

"मग तिनं चुकीचं काय लिव्हलंय? एकबी जागा तिनं सोडली न्हाई. आपण पुस्तकात दोनच जागा सांगतोय."

मी पेपर परत मागून घेतला आणि शून्य खोडून पाचपैकी पाच दिले. पण वर्गात ते वाचून दाखवलं नाही. सॉरीही म्हणालो नाही. मास्तरानं पोराला सॉरी कसं म्हणायचं, असं वाटायचं तेव्हा मला.

*

आता तो मेमो.

संस्थेच्या अध्यक्षांनी मोबाइलवर कसला तरी व्हिडिओ बघितला. एक मोटर डायनॅमो फिरवते, डायनॅमो वीज करतो, ती वीज परत मोटरला. वर एक बल्बही पेटतो. बाहेरून काही घालायचंच नाही! झेंडावंदनाला माइकवरून त्यांनी सांगून टाकलं, "यंदा आपली शाळा सांगलीच्या विज्ञान प्रदर्शनात बिनविजेचा दिवा लावणार! सर, व्हय ना?"

असं काही होत नसतं, हे मला माहीत होतं. ऊर्जा नव्यानं निर्माण करता येत नाही, हे मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहितो. पण सगळं गाव समोर, अध्यक्ष माझ्याकडं बघून हसतायत. मी म्हणालो, "प्रयत्न करू."

प्रयत्न काय करणार, कपाळ! मोटर-डायनॅमो पट्ट्यानं जोडले, हातानं फिरवून सोडले की चार गिरक्या घेऊन गप्प. तात्यांनी मोटरला, पट्ट्याला, डायनॅमोला उलटा हात लावला. "हितं, हितं आन् हितं. सर, ही गळती आपल्या बाच्यानं थांबायची न्हाई. अध्यक्षांस्नी खरं सांगा."

मी सांगितलं नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी एकट्यानं मॉडेलच्या फळीखाली सेल बसवले आणि वरून घोटीव कागद चिकटवला. मॉडेल मांडायला सुप्रिया आणि अजून एक मुलगी. त्यांना वाटलं, सरांना जमलं!

सांगलीत आमच्या टेबलापाशी ही गर्दी! बल्ब पेटलेला, अध्यक्ष फोटो काढतायत. मग परीक्षक बाई आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर. बघत राहिल्या, बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "उलटं करून बघू?" फळी उलटली, कागद फाटला, सेल टेबलावर घरंगळले.

बाईंनी पोरींना विचारलं, "हे कुणी बसवलं?"

सुप्रियानं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं होतं! पण अध्यक्ष माझ्या शेजारी उभे होते आणि आवाजच फुटेना.

तेवढ्यात मागून तात्या पुढं आले, टाचा जुळवून उभे राहिले. "म्या बसीवले, बाई. पोरींस्नी काय ठावं न्हाई. सरांस्नीबी न्हाई."

आणि मी तोंड मिटलं.

तात्या तेव्हा कायम व्हायचे होते. चार दिवसांवर कागद आला होता. तो दोन वर्षं लांबला. आणि आमच्या मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, "सर, तुमचं अक्षर चांगलं आहे, मेमो तुम्हीच लिहा." मी लिहिला हो! "सदर कृत्य शाळेच्या लौकिकास बाधा आणणारे असून..." असा. सुवाच्य अक्षरात. तात्यांनी वाचला, सही केली आणि पेनाला टोपण लावून मला परत दिलं.

*

त्यानंतर एकदाच आमचं त्यावर बोलणं झालं. मीच विचारलं, "तात्या, असं का केलंत?"

ते परीक्षानळ्या धूत होते. म्हणाले, "पलटणीत रीत हाय. साहेब पेचात घावला की हवालदारानं म्होरं व्हायचं. माणसं बावरत न्हाईत."

"आणि साहेब?"

"साहेब काय, सांजंपातूर खरं सांगतोय की."

नळ्या धुऊन त्यांनी स्टँडला उपड्या लावल्या आणि घंटा द्यायला गेले. त्या गोष्टीला आता सात वर्षं झाली. ती सांज काही माझ्याच्यानं झाली नाही.

*

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा निरोप समारंभ झाला. शाळेचा हॉल खच्चून भरलेला. अध्यक्ष आलेले, मुख्याध्यापिका बाई आलेल्या. माजी विद्यार्थी आलेले, त्यात सुप्रिया. आता ती कराडला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकल! तिसऱ्या रांगेत बसली होती. तात्या स्टेजवर फेटा बांधून, माइकपासून दोन हातांवर.

मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं. बोलताना गाळता येऊ नये म्हणून. सेल मी बसवले. तात्यांना माहीत नव्हतं. खोटं बोलून त्यांनी दोन पोरींना वाचवलं आणि मला पण. मेमोही मीच लिहिला. आणि त्या कागदाखाली माझी सही.

उभा राहिलो. कागदावरून नजर वर करायची हिंमत नव्हती. "आज मला एक सांगायचं आहे," एवढं म्हटलं आणि वाचत सुटलो. पुटपुटलो म्हणा ना! पण एक ओळ गाळली नाही. शेवटची ओळ वाचून मान वर केली. एवढी वर्षं छातीवर होतं ते उतरलं, असं मला वाटलं.

लोक एकमेकांशी बोलत होते. कुणी रुमालानं वारा घेत होतं. वरचा पंखा थांबला होता आणि माइकचा लाल दिवा विझला होता. लाइट पहिल्याच वाक्याला गेली होती!

मी कागद धरून तसाच उभा. तेवढ्यात पंखा फिरला, माइक कुईं करून ओरडला, लाल दिवा लागला. आणि तिसऱ्या रांगेतून सुप्रिया उठून उभी राहिली.

"सर, खाली कायच ऐकू आलं न्हाई. परत सांगा की!"

अध्यक्ष माझ्याकडं बघून हसले, झेंडावंदनाला हसले होते तसेच. कागद हातातच होता. माइक चालू होता. मी कागदाची घडी घातली.

"तात्यांना उदंड आयुष्य लाभो," म्हणालो.

टाळ्या! काय टाळ्या वाजल्या!

खाली मान घालून मी तात्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसलो. ते समोर बघत होते. मग फेटा सावरल्यासारखं करत त्यांनी हात वर घेतला, हळूच माझ्याकडं वळवला आणि हाताची उलटी बाजू माझ्या तापलेल्या कानाला लावली.

"हितं गेली," म्हणाले.