डाव्या मडगार्डचे तीन सूत

काशिराम घरतला शिसारी यायची ती लांबीची.

गाडीच्या पत्र्याला पडलेला खड्डा ठोकून काढायचा सोडून त्यात लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, लगदा भरायचा, पॉलिश पेपरने घासायचा, वरून रंगाचा फवारा मारायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, बघा साहेब, शोरूममधून आणल्यासारखी झाली. दोन पावसाळे गेले की पोपडा सुटतो आणि आतला पत्रा सडून चाळण झालेला असतो. सुकापूरच्या रस्त्याला असली सात गॅरेजं आहेत, आणि काशिराम सातांच्याही समोरून तोंड फिरवून जातो. त्याच्या स्वतःच्या शेडमध्ये लांबीचा डबा कधी शिरला नाही. त्यामुळे त्याच्याकडे गिऱ्हाइकं कमी आणि शिव्या भरपूर.

तो मूळचा जासईचा. घरचं मिठागर होतं, आता तिथे कंटेनर एकावर एक रचलेले असतात. सतराव्या वर्षी तो मुंबईला टॅक्सीच्या गॅरेजात लागला आणि तीस वर्षं त्याने काळ्या-पिवळ्या फियाट ठोकल्या. एक मडगार्ड चेपलं की दुसऱ्या, चांगल्या मडगार्डवर पुठ्ठा धरून फर्मा कापायचा, तो उलटा करून चेपलेल्या बाजूला लावायचा आणि पत्रा त्याला चिकटेपर्यंत ठोकत राहायचं. फर्मा आणि पत्रा यांच्यात पोस्टकार्डही सरकता कामा नये, असा त्याचा दंडक. पंधरा वर्षांपूर्वी त्याने सुकापूरला स्वतःची शेड टाकली. दोन्ही बाजू सारख्या नाहीत अशी गाडी त्याने कधी शेडबाहेर जाऊ दिली नाही, आणि आपल्याइतका सरळ माणूस पनवेल तालुक्यात दुसरा नाही, असं त्याचं स्वतःबद्दल ठाम मत होतं.

गेल्या वर्षी परेश बिल्डरने शिरढोणच्या बाजूला एका जुन्या बंगल्याचा प्लॉट घेतला. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली एक गाडी निघाली. बसायच्या जागेत कोंबड्यांनी वर्षानुवर्षं मुक्काम केलेला, विष्ठेचा थर वीतभर. परेशने ती ट्रकवर घालून काशिरामच्या दारात आणून टाकली.

"काका, रेसची हाय म्हनं. इटलीची. चकाचक करून द्या."

काशिरामने नाकाला फडका लावला. इटलीवरून गाडी मागवणारा कोणी शेठ, आणि तिचं खुराडं करणारी त्याची पोरं! त्याला त्या पोरांच्या अंगावर तीच घाण फेकावीशी वाटली. खरवडायला दोन दिवस गेले. मग त्याने बॉनेट उघडलं आणि हसू लागला. आत फियाटचं इंजिन होतं, अकराशेचं. ज्याच्या भावंडांबरोबर त्याने तीस वर्षं काढली, तेच.

"अरे, ही तं आपली टॅक्सी!"

परेशची मुलगी मनस्वी डिझाइनच्या कॉलेजात शिकते. बापाला त्या गाडीतलं जेवढं कळत होतं त्याच्या दसपट तिला कळत होतं. ती शेडमधल्या स्टुलावर बसून सांगायची. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीत पैसे कोणाकडेच नव्हते, पण शर्यतीचं वेड घरोघरी. मग छोटे छोटे कारखाने फियाटचं साधं इंजिन घ्यायचे, ते तापवून-तासून दुप्पट जोराचं करायचे आणि त्यावर हाताने ठोकलेली ॲल्युमिनियमची हलकी बॉडी चढवायचे. साचे नाहीत, प्रेस नाहीत. झाडाचा ओंडका, वाळूची पिशवी आणि लाकडी हातोडा.

"मग स्टेरिंग उजवीकरं कसा? तिकरं तं गाड्या उलट्या बाजूनं चालतात ना?"

"रेसचे ट्रॅक बहुतेक घड्याळाच्या दिशेने जातात, काका. उजवी वळणं जास्त. ड्रायव्हर उजवीकडे बसला की वळणाची आतली कड त्याला नीट दिसते."

हे काशिरामला फार आवडलं. कोणीतरी विचार करून केलेलं काम होतं ते. दाराला आतून गोल भोकं पाडलेली होती, दोन-चार किलो वजन वाचावं म्हणून. पाठीमागे ड्रायव्हरच्या डोक्यामागून एक उंचवटा निघून शेपटीपर्यंत उतरत गेला होता, वारा अडू नये म्हणून. उगाच म्हणून काही नव्हतं. आणि ह्या गाडीला परेश म्हणत होता, पिवळा रंग मारा, खालून निळे दिवे लावा, मागे दोन स्पीकर बसवा, म्हणजे भाच्याच्या हळदीला नवरदेव बॉनेटवर बसवता येईल.

"त्या पत्र्यावं कोपर टेकलास तरी खड्डा परंल," काशिराम म्हणाला. "आनि नवरा बसवतूस?"

मनस्वीने बापाला बजावलं की रेसमध्ये इटलीच्या गाड्या लाल, इंग्लंडच्या हिरव्या, फ्रान्सच्या निळ्या, जर्मनीच्या पांढऱ्या नाहीतर चंदेरी. पिवळी केलीस तर मी घरी जेवणार नाही. लाल ठरली. शिवाय मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या मोठ्या प्रदर्शनात ती न्यायचं ठरलं, तेव्हा परेशही जरा सुधारला.

काशिराम सहा महिने त्या गाडीपाशी होता. ॲल्युमिनियमला अंघोळीचा साबण चोळायचा, ज्योत फिरवायची, साबण काळा पडला की पत्रा नरम झाला असं समजायचं आणि मग चिंचेच्या हातोड्याने हळूहळू ठोकायचं. उजवं मडगार्ड बघून तो खूश झाला. लांब, सैल, सारखे ठोके. कोणीतरी कसबी माणूस होता. मग त्याने फर्मा कापला आणि उलटा करून डाव्या मडगार्डला लावला.

बसला नाही. डावं मडगार्ड माथ्याला तीन सूत उंच होतं. तीन सूत म्हणजे करंगळीच्या जाडीएवढं. त्याने आतून बोट फिरवलं. ठोके आखूड, जवळजवळ, आणि उजवीकडच्या ठोक्यांच्या बरोबर उलट्या बाजूला तिरके. दिव्याजवळ एक जुनं ठिगळही होतं.

"कुना हलवायानं हात मारलाय," तो बायकोला, कुमुदला म्हणाला. "रेसच्या गारीवं! लाज नाय वाटली भरव्याला?"

आठवडाभर तो त्या हलवायाला शिव्या घालत ते मडगार्ड खाली बसवत होता. पत्रा नरम केला, आत ओढला, वरून दाबला, पुन्हा नरम केला. शेवटी फर्मा चिकटला. पोस्टकार्ड सरकेना. त्या दिवशी त्याने सातही गॅरेजांसमोरून छाती काढून चक्कर मारली.

गाडीला रंग चढला. प्रदर्शनाला चार दिवस होते तेव्हा मनस्वी एक मोठा फोटो घेऊन आली. इटलीतल्या एका संग्रहालयाला ती महिनोन्महिने ईमेल पाठवत होती, त्यांनी तो जुन्या फायलीतून शोधून दिला होता. तिला तो मोठा करून प्रदर्शनात गाडीशेजारी उभा करायचा होता.

"बघा काका, आपलीच गाडी. कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीची. चेसिसचा नंबरसुद्धा मागे लिहिलाय."

फोटो समोरून काढलेला होता. गाडीच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस, अंगात कळकट कोट, एकेक हात आपापल्या बाजूच्या मडगार्डवर ठेवलेला.

"हे दोघं भाऊ. उजवी बाजू एत्तोरेने ठोकली, डावी ब्रूनोने. तिथे तशीच पद्धत होती. म्हणून त्या गाड्यांच्या दोन बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसायच्या. जाणकार लोक त्यावरूनच अस्सल गाडी ओळखतात म्हणे. किती भारी ना?"

काशिरामने फोटो उजेडात नेला. ब्रूनोच्या दुसऱ्या हातात हातोडा होता, आणि तो हात डावा होता. त्याच्या बाजूचं मडगार्ड उंच होतं. तीन सूत. काशिरामला पट्टी लावायची गरज पडली नाही.

उलटे तिरके ठोके. हलवाई नव्हता तो. डावखुरा होता.

मनस्वी गेल्यावर तो तसाच शेडमध्ये बसून राहिला. कुमुदने ताट वाढलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण, पण त्याने ते दूर सारलं. कोंबड्यांनी सत्तर वर्षांची गाडी घाण केली होती, पण ती घाण खरवडून निघाली. लांबीवाले निदान पडलेला खड्डा बुजवतात. आपण काय केलं? एका माणसाचा हात गाडीवर शिल्लक होता, तो आपण शिव्या देत देत पुसला. आणि वर छाती काढून गावभर फिरलो. स्वतःचे हात त्याला नको झाले. जेवणाच्या ताटाशी न्यायचीही किळस वाटली.

दुसऱ्या दिवशी परेश आला तो खुशीत. काशिरामने त्याला गाडीपुढे उभं केलं आणि सगळं सांगितलं. फोटो दाखवला, फर्मा दाखवला.

"मी नासवली तुजी गारी," तो म्हणाला.

परेशने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि खांदे उडवले.

"काका, तीन सूत! कोनाला कलतंय?"

हेच ते शब्द. पंचेचाळीस वर्षं प्रत्येक लांबीवाल्याच्या तोंडून ऐकलेले.

"मना कलतंय ना."

"मंग पुन्ना ठोकून वर घ्या."

"घेतला तरी तो माजा हात झाला. त्याचा नाय."

परेशने घड्याळ बघितलं. मग त्याच्या डोक्यात आलं आणि तो काशिरामच्या पाठीवर थाप मारून अगदी मायेने म्हणाला, "मंग थोरी लांबी भरा ना वरशी. तीन सूत तं हाय. टेन्शन कशाला घेताव?"

परेशवर खेकसायला काशिरामला तोंड राहिलं नव्हतं, आणि हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. कालपर्यंत असं कोणी म्हटलं असतं तर त्याने त्याला शेडबाहेर काढलं असतं.

परेश गेला. जाताना सांगून गेला की प्रदर्शनातल्या पाटीवर काकांचं नाव मोठ्या अक्षरात टाकतोय, फोटोग्राफरही येणार आहे.

काशिरामने जॅक लावला आणि डावं पुढचं चाक काढलं. पत्र्यावर रेघ मारायची अणकुचीदार सळई घेतली, सतरंजी अंथरली आणि मडगार्डच्या आत डोकं घालून आडवा झाला. आतून रंग नव्हता, कोरं ॲल्युमिनियम होतं. पत्रा फाटू नये म्हणून हात अगदी हलका ठेवून तो एकेक अक्षर कोरत गेला. मान अवघडली तेव्हा कुमुद येऊन चाकाच्या जागी बॅटरी धरून उभी राहिली. तिने काय लिहिताय म्हणून विचारलं नाही, वाचलं.

"ही बाजू ब्रूनोची. मूळची तीन सूत उंच होती. मी चूक समजून खाली बसवली. चूक माझी."

"नाव कशाला टाकताव?" कुमुद म्हणाली. "नुसता लिवलाव तं बास हाय ना."

पंचेचाळीस वर्षांत काशिरामने ठोकलेल्या कुठल्याच गाडीवर आपलं नाव घातलं नव्हतं. त्याने बॅटरी जरा वर धरायला सांगितली आणि खाली लिहिलं, काशिराम घरत, जासई.