गोठणाऱ्या मातीतला पाया

ताथवड्याच्या ऑफिसात बसून मी लडाखमधल्या एका रस्त्यासाठी मोरी डिझाइन केली, तेव्हा गोठलेली जमीन मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणारा पाइप आणि त्याच्या तोंडाशी भराव धरून ठेवणारी काँक्रीटची भिंत, म्हणजे हेडवॉल. चाकणच्या कंपन्यांच्या रस्त्यांसाठी अशा कितीतरी भिंती मी केल्या होत्या. त्यातलंच एक ड्रॉइंग काढलं, लांबी-उंची बदलली आणि पाया होता तसाच, तीन फूट खोल ठेवला. हिवाळ्यात तिथली जमीन किती खोलवर गोठते, हे मातीच्या रिपोर्टमध्ये नव्हतं. मला ते खटकलंही होतं. पण ड्रॉइंग शुक्रवारी पाठवायचं होतं, आणि मी विचारलं नाही.

पहिलाच हिवाळा सरला आणि फोटो आले. भिंत पुढे कलली होती. पाइप आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली होती, वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या फटीत शिरून रस्त्याची कड घेऊन गेलं होतं. वरच्या वस्तीत आठ दिवसांपासून गाडी जात नव्हती. साहेबांनी मला बघून यायला सांगितलं.

तिथला मुकादम साठीचा, त्याच वस्तीतला माणूस. त्यानं भिंतीमागे, ऊन न लागणाऱ्या बाजूला खड्डा खणायला लावला. कमरेइतक्या खोलीवर कुदळ खणकन वाजली. मला वाटलं, दगड लागला. मुकादमानं एक ढेकूळ फोडून माझ्या हातावर ठेवलं. मातीत बर्फाचे पातळ पापुद्रे होते, एकावर एक.

"मॅडम, हिवाळ्यात ही माती गोठून वर उचलली जाते," तो हिंदीत म्हणाला. "घर बांधताना आम्ही ही सगळी काढून टाकतो. खाली रेताड गोटे लागेपर्यंत."

"किती खोल?"

त्यानं हात डोक्याच्या वर नेला. मग म्हणाला, "काम चालू होतं तेव्हा कुणी विचारलं नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. आम्ही बोलत होतो तेव्हा वस्तीतली एक बाई पाठीवर पिठाचं पोतं घेऊन ओढ्यातून चालत पलीकडे गेली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत होतं. तिनं आमच्याकडे पाहून मान हलवली. मला काय करावं ते कळेना, मी पण हलवली.

परत आल्यावर साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये नव्हतं ना? मग तसं लिहून टाक."

"नव्हतं. पण ते त्यात नाही, हे मला दिसलं होतं, सर."

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बरं. दोन्ही लिही."

नवं ड्रॉइंग काढायला आमचे जुने ड्राफ्ट्समन बसले. ते दिघीचे, तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. बर्फाच्या पापुद्र्यांचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. "आमच्या काळ्या रानाचं बी आसंच हाय, ताई. पाणी प्यालं की फुगतं. माझ्या कंपाउंडची भिंत दोनदा तडकली. तिसऱ्यांदा समदी काळी काढली आन् मुरूम भरला, तवा ऱ्हायली."

"मग पहिलं ड्रॉइंग तुमच्या हातून गेलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला काय ठावं, तिकडची माती कशी हाय? मला वाटलं तुमी इचारलं आसंल."

आम्ही पाया सात फुटांवर नेला. खाली आणि भिंतीमागे बारीक माती काढून गोटे भरायचे, म्हणजे पाणी साचणार नाही आणि गोठायला काही उरणार नाही. साचलंच तर निघून जावं म्हणून भिंतीत भोकं ठेवली. प्रत्येक मापावर मी मुकादमाला फोन करत होते. एकदा तो म्हणाला, भोकं जरा वर घ्या, खालची गाळानं बुजतात. मी वर घेतली.

भिंत उन्हाळ्यात बांधून झाली. नंतरच्या एप्रिलमध्ये मुकादमानं ओळंबा लावून पाहिला आणि फोन केला.

"मुख्य भिंत सरळ आहे. बाजूची छोटी भिंत दोन सूत, म्हणजे पाव इंच हललीय."

"गाडी जाते?"

"रोज जाते."

भरावाची कड धरणाऱ्या त्या छोट्या भिंतीचा पाया मी सात फुटांपेक्षा थोडा उथळ ठेवला होता, तेवढा पुरेल असं समजून. मी तिचं ड्रॉइंग पुन्हा उघडलं.